चतुराबाईंचा खोकला आणि मी

मित्रांनो, बारामतीच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत, एका खोलीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे ज्याने एकाच टेबलावर काढली, तो जुना सूक्ष्मदर्शक म्हणजे मी. माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिरांनी माझे काळे अंग घडवले, पितळी चाके बसवली आणि भुशाने भरलेल्या लाकडी पेटीतून मला इकडे पाठवले. ती पेटी उघडली रसूलभाई तांबोळी यांनी. त्यांनी मला खिडकीजवळ ठेवले, माझ्या पायाशी असलेला छोटा आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावून पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते लहान मुलासारखे हसले होते.

आमचे काम थुंकी तपासण्याचे. इंदापूरपासून लोणी भापकरपर्यंतची खोकणारी माणसे डबीत थुंकी घेऊन यायची. रसूलभाई काचपट्टीवर तिचा पातळ थर देत, लाल रंग चढवून तापवत, धुऊन वर निळा रंग देत. मग पट्टीवर तेलाचा थेंब टाकून माझे सगळ्यात ताकदीचे भिंग त्या थेंबात बुडवत. क्षयाचे जंतू असले तर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसत. “रसूलच्या नजरेतनं जंतू सुटायचा न्हाय,” असे डॉक्टर मंडळी म्हणत, आणि त्या शाबासकीतला थोडा वाटा मी मनातल्या मनात उचलत असे.

चतुराबाई आमच्याकडे आल्या त्या १९९४ सालच्या हिवाळ्यात. पन्नाशीच्या, सडपातळ, हसऱ्या बाई. लोणी भापकरच्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता. तेव्हा सुया आणि गोळ्या पूर्ण घेऊन त्या बऱ्या झाल्या. मात्र त्या सुयांनी त्यांचे ऐकणे कमी केले होते आणि कानात कायमचा गुणगुणाट ठेवला होता. आता पुन्हा खोकला धरला होता. मुलगा रविंद्र त्यांना घेऊन आला. तो वालचंदनगरला कारखान्यात फिटर होता.

त्या दिवशी गर्दी फार होती. चतुराबाईंच्या आधी इंदापूरच्या एका गृहस्थांची पट्टी माझ्याखाली होती. तिच्यात लाल काड्यांचा नुसता सडा पडला होता. रसूलभाईंनी ती पट्टी काढली आणि घाईघाईत पुढची ठेवली. माझे भिंग पुसायचे राहिले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माझ्या भिंगाला चिकटलेल्या तेलात आधीच्या पट्टीतल्या काड्या तरंगत होत्या. त्या चतुराबाईंच्या पट्टीवर उतरल्या. रसूलभाईंना तीन-चार काड्या दिसल्या. त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहिले: जंतू आहेत.

एका ओळीने काय होते ते पाहा. गावात बातमी माणसाआधी पोहोचली. अंगणवाडीत आयांनी मुले पाठवणे बंद केले. चतुराबाईंनी आपली ताट-वाटी आपणच वेगळी काढली आणि नातवाला जवळ घेणे सोडले. पुन्हा सुया सुरू होणार होत्या, आणि या खेपेला उरलेला कानही जाण्याची भीती होती.

त्यांची नवी डॉक्टर करुणा नावाची तरुण बाई होती, इंदापूरची. तिला तो कागद पटेना. ती स्वतः प्रयोगशाळेत आली.

“रसूलभाई, मावशींना ताप नाही, वजन उतरलेलं नाही. छातीचा फोटो सहा वर्षांपूर्वीसारखाच आहे. रोज सकाळी मात्र कपभर पिवळा बेडका पडतो. मला अजून तीन दिवसांची थुंकी तपासून हवी.”

रसूलभाईंचा चेहरा उतरला. “बाई, अठरा वर्सं ह्योच धंदा करतुय मी. काड्या दिसल्या म्हनून लिवलं.”

“तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडं आले,” ती म्हणाली. “पण सुया द्यायच्या आधी माझी खात्री झाली पाहिजे.”

तीन सकाळी तीन डब्या आल्या. रसूलभाईंनी नव्या कोऱ्या पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी तासभर पाहिले. एकही लाल काडी नाही. दिसल्या त्या फक्त निळ्या पेशी, खच्चून भरलेल्या, कित्येक फुटलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळा बाजूला घेतला आणि ते बराच वेळ माझ्या भिंगाकडे बघत बसले. मग वही काढून त्या दिवशीच्या पट्ट्यांचा क्रम पाहिला. त्यांच्या पत्नी सायराबानू काचा धूत होत्या.

“सायरा,” ते म्हणाले, “माझ्या हातनं लई वंगाळ झालं.”

त्यांनी लगेच लुना काढली आणि थेट लोणी भापकर गाठून चतुराबाईंना सगळे सांगितले; रविंद्र तेव्हा कारखान्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई, रविंद्र आणि डॉक्टर करुणा माझ्यासमोर उभे होते. रसूलभाई बसले नाहीत.

“चतुराबाई, तुमाला क्षय न्हाय,” ते सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाले. “त्या काड्या दुसऱ्याच्या व्हत्या. म्या काच पुसली न्हाय. चूक माझी हाय.”

रविंद्र उसळला. “चूक? आवो, तीन आठवडं झालं, आईनं पोराला हात लावला न्हाय! गावात तोंड दाखवायची सोय न्हाय आमाला!”

चतुराबाईंनीच मुलाच्या दंडावर हात ठेवला. “थांब रं. ह्यो मानूस घरी येऊन सांगून गेला. न सांगता गप बसला असता तर तुला कळलं असतं व्हय?” मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. “पन बाई, मग माजा खोकला कशाचा हाय?”

करुणाने आरसा नीट केला आणि त्यांना माझ्यावर डोळा लावायला सांगितले. कितीतरी वेळ त्यांना फक्त आपल्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम त्या म्हणाल्या, “आगं बया! निळं निळं ठिपकं हायती की!”

“ते जंतू नाहीत, मावशी. ते तुमचेच राखणदार,” करुणा सांगू लागली. “कुणी न शिकवता, जन्मापासूनच ते छातीत पहारा देतात. जंतू आला की धावून जातात. त्यांच्या पोटात एक कापणारं द्रव्य असतं, विकर म्हणतात त्याला, एन्झाइम. त्यानं ते जंतूचे तुकडे करतात. पण जुन्या क्षयानं तुमच्या छातीतल्या काही नळ्या सैल पडल्यात. तिथं बेडका साचतो, साध्या जंतूंना घर मिळतं. मग राखणदार रोज येतात, तिथंच मरून फुटतात, आणि ते विकर बाहेर सांडतं.”

“आन् मग?”

“सांडलेलं विकर आपलं-परकं बघत नाही. नळीची भिंत खातं. बेडका वर ढकलणारे बारीक केस असतात, ते झडवतं. जंतू ओळखायच्या ज्या खुणा असतात त्याही तोडून टाकतं, म्हणून नव्या राखणदारांना जंतू धरताच येत नाही. विकराला आवर घालणारं द्रव्य शरीरात असतं, पण एवढ्या पुरापुढं ते कमी पडतं.”

चतुराबाईंनी डोळा बाजूला घेतला. “म्हंजे कुंपनानंच शेत खाल्लं म्हना की.”

करुणा हसली. “अगदी तसंच.”

“मग त्या कुंपनाला औषद?”

“त्या विकराला थोपवणारं औषध अजून माझ्याकडं नाही, मावशी. खोटं कशाला सांगू? पण बेडका साचू दिला नाही तर राखणदारांची गर्दी कमी होईल.”

मग तिने प्रयोगशाळेतल्या बाकावरच रविंद्रला शिकवले. आईला कुशीवर, डोके उताराला करून झोपवायचे. तळव्याची ओंजळ करून पाठीवर थापटायचे, रोज सकाळी आणि संध्याकाळी. बेडका वाढला, हिरवा झाला की लगेच दाखवायचे, मग काही दिवसांच्या गोळ्या. चुलीच्या धुरात बसायचे नाही, आणि तव्यावर मिशेरी भाजायची तर मुळीच नाही. मिशेरीचे नाव निघताच चतुराबाईंनी नजर चुकवली. रविंद्रला त्या गंभीर वेळीही हसू आले.

रसूलभाईंनी नवा कागद लिहिला. त्यात आधीचा निकाल आपल्या चुकीने आला होता असे स्पष्ट लिहून सही केली. “ह्यो कागूद घेऊन मी सोता अंगनवाडीत येतो,” ते म्हणाले, आणि गेलेही. इंदापूरच्या त्या गृहस्थांचे उपचार व्यवस्थित सुरू आहेत ना, याचीही चौकशी त्यांनी त्याच आठवड्यात केली.

सगळे लगेच सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. काही आयांनी उन्हाळ्यापर्यंत मुले पाठवली नाहीत. चतुराबाईंचा खोकलाही गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांना आठ दिवस दवाखान्यात राहावे लागले. पण कपभराचा बेडका चमचाभरावर आला. कान आहे तेवढा राहिला. त्या पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागल्या आणि दर तीन महिन्यांनी डबी घेऊन आल्या की “माजं राखनदार कसं हायती?” असे रसूलभाईंना विचारू लागल्या.

१९९८ साली दोन डोळ्यांचा, विजेवर चालणारा नवा सूक्ष्मदर्शक आला. मला कपाटावर ठेवले गेले. दोन पावसाळे मी तिथेच होतो. माझ्या काचांवर बुरशीची जाळी धरली. मग रसूलभाईंची मुलगी समिना भवानीनगरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि तिने मला खाली काढले. स्पिरिटने एकेक काच पुसली. एक भिंग कायमचे धूसर झाले आहे. बाकीच्यांतून आता या शाळेत तुम्ही कांद्याची साल बघता.

तर मित्रांनो, मला हाताळताना दोन्ही हातांनी धरा. काम झाले की भिंग मऊ कापडाने पुसा आणि माझ्यावर झाकण घाला. यंत्राची एवढी काळजी कुणालाही घेता येते. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी तपासणी करणारा होईल, त्याच्यासाठी एक विनंती. निकाल लिहिण्याआधी क्षणभर खिडकीबाहेर पाहा. काचेखाली असतो तो फक्त एक थेंब. माणूस बाहेर पायरीवर वाट बघत बसलेला असतो.