कुणाचंच नसलेलं नाव

लाळेऱ्यांवर बाळांची नावं भरून द्यायचं माझं दुकान आहे, त्यामुळे नावांचं वारं कुठून कुठे वळलं ते मला घरबसल्या कळतं. मध्यंतरी लांबलचक नावं आली, दोन लाळेरी जोडावी लागतील अशी. मग दोन अक्षरी आली. अर्थ विचारला तर आईबापच एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आणि हल्ली पणज्यांची नावं परत आलीत! जी ऐकून वर्गात पोरी फिदीफिदी हसायच्या, तीच आता नाजूक गुलाबी दोऱ्यात हवी असतात. मला तर काही उमजेनासंच झालंय.

तशात परवा सून पोट सांभाळत दुकानात आली, हातात कोरं लाळेरं.

"आई, मुलगी झाली तर हे नाव. ऐका हं."

तिनं सांगितलं आणि माझा मशीनवरचा पाय थांबला. ते माझं नाव होतं.

घरात कुणाला ठाऊक नाही. वडिलांनी हौसेनं आपल्या आजीचं नाव मला ठेवलं, पण शाळेत घालताना आईनं 'बेबी' लिहिलं. तेव्हा 'बेबी'ची चलती होती. वडील गेले आणि त्या जुन्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नाही.

"कसं गं सुचलं?"

"शोधून शोधून डोकं पिकलं. तुमच्याकडचं नको, माझ्याकडचं नको, उगाच रुसवेफुगवे. कुणाचंच नसलेलं हवं होतं. हे नाही ना कुणाचं आपल्यात?"

आता काय बोलू? आहे म्हणावं तर नाव जातं, नाही म्हणावं तर मी जाते. मला आनंद झालाय की राग आलाय, तेही धड कळेना.

"नाही," मी म्हटलं.

"मग हाक मारून बघा की. तोंडात बसतंय का?"

स्वतःला कोण हाक मारतं? तरी मारली, वडील मारायचे तशी, शेवट लांबवून. आणि माझ्याच तोंडून निघालं, "ओ!"

सून बघतच राहिली. "अहो आई, तुम्ही कशाला ओ दिलीत?"

"ती अजून पोटात आहे ना," मी म्हटलं. "तिच्या वतीनं दिली."

ती खो खो हसली. "मग ठरलं तर! आता तिला ओ द्यायला तुम्हीच शिकवा."