बटणं काढलेला कोट

आमच्या घरात कपडा मरत नाही, त्याचा नुसता हुद्दा उतरत जातो. सासऱ्यांची पँट नवऱ्याकडे आली, मग गुडघ्यापर्यंत कापून घरात घालायची झाली, मग तिची पिशवी झाली, आणि आता ती पिशवी स्वयंपाकघरात गरम पातेली धरते. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची पँट अजून नोकरीत आहे. हे सगळं सासूबाईंचं कर्तृत्व. येणारे-जाणारे म्हणतात, काय कला आहे हो हातात. असेल. माझ्या उशीचा अभ्रा नवऱ्याच्या शाळेच्या शर्टाचा आहे आणि त्याची कॉलर झोपेत माझ्या कानाला टोचते. तिला कला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

कुठे भोक दिसलं की सासूबाईंचे डोळे चमकतात. भोकावर फूल, फुलाशेजारी पान, आणि एकटं फूल बरं दिसत नाही म्हणून जिथे भोक नाही तिथेही फूल. नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर शाईचा डाग पडला होता, तिथे आता पोपट बसतो. नवरा निमूट घालून जातो. आईपुढे बोलायची त्याची छाती होत नाही, आणि माझ्यापुढे तर नाहीच नाही.

या कारखान्याचा कायदा एकच. कपडा मोडीत काढायचा ठरला की आधी त्याची बटणं काढून डब्यात टाकायची. म्हणजे बिनबटणांचा कपडा खुर्चीवर दिसला की तो कात्रीचा. मग कोणी कोणाला विचारत बसायचं नाही.

मला दिवसाचे काही तास तरी या घरातून सुटका हवी होती. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलं करायला बाई हवी होती आणि त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी स्वतःसाठी नवाकोरा कोट घेतला, गडद निळा, आधी कोणाच्याही अंगाला न लागलेला. फक्त बटणं भिकार होती, चकचकीत प्लास्टिकची. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती काढली, कोट खुर्चीवर टाकला आणि चांगली बटणं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. इतकी वर्षं या घरात काढून मी हे केलं. माझ्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

परत आले तेव्हा कोटाची एक बाही टेबलावर पडली होती आणि पाठ मधोमध कापलेली होती. सासूबाई हातात कात्री घेऊन उभ्या. म्हणाल्या, बटणं नव्हती. मी विचारलं, नवा कोट आहे, डोळ्यांना दिसत नाही? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, बटणं नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाचा असा पट्टा सोडला की नवरा बाथरूममध्ये शिरला तो बाहेर यायचं नाव घेईना. बाही नाही कापलीत, माझी नोकरी कापलीत, आता जन्मभर तुमचे पोपट बघत बसते, असंही बोलले. सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. आमच्याकडे असं सहसा होत नाही. त्यांनी कोट उचलला आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

दिवसभर उठल्या नाहीत. पाठीचे तुकडे जोडले, शिवणीवर राखाडी दोऱ्याने बारीक वेल चढवली, बाही लावली आणि तीच वेल खांद्यावरून वळवली. पोपट नाही, फूल नाही, नुसती वेल. ती चांगली झाली होती, त्यामुळे मला जास्तच राग आला.

माझ्या बाकीच्या प्रत्येक कपड्यावर काही ना काही उगवलेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून मुलाखतीला गेले. बिलांच्या जागेवर दुकानाच्या मालकीणबाईंनी कोणाची तरी भाची आधीच बसवली होती. मी उठले, तर त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि वेलीवरून बोट फिरवत राहिल्या. जुने कपडे दुरुस्त करून द्यायचा त्यांनी नवा विभाग काढला होता. म्हणजे घरी मी जे फुकट सोसते, त्यासाठी तिथे लोक रांग लावत होते. एका शहाण्याने तर धडधाकट शर्टाला मुद्दाम ठिगळ लावून घेतलं होतं. मालकीणबाईंनी विचारलं, हे काम कोणाचं?

"माझं," मी म्हटलं.

जीभ कशी रेटली विचारू नका. मी लावलेलं बटण शर्टापासून बोटभर लांब लोंबतं. पण बाई म्हणाल्या, सोमवारपासून या, आणि मी हो म्हणून बाहेर पडले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं आणि शिकवा म्हटलं. वाटलं, आता सगळं उट्टं काढतील. त्यांनी एक फडकं दिलं आणि धावदोरा घालायला लावला. साधा सरळ टाका, पोरीसोरीसुद्धा घालतात. माझा निघाला सरळ आणि गेला भलतीकडेच. त्यांनी तो बघितला आणि फडकं मांडीवर ठेवलं.

"कापड नवं आहे ते माझ्या हाताला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मग कापलंत कशाला?"

"तू गेलीस की दिवसभर मी बोलू कोणाशी? माझा लेक तर हूं की चूं करत नाही." त्या खाली बघत होत्या. "बटणं नव्हती, तेवढं निमित्त झालं."

या बाईने माझा नवा कोट जाणूनबुजून कापला होता, आणि का, तर घरात भांडायला माणूस उरावं म्हणून. मला किती बोलता आलं असतं. सगळं जिभेवर तयार होतं. पण या घरात मी कोणाला एवढी हवी असेन, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याचा मला भयंकर राग आला, अगदी रडू येण्याइतका.

"संध्याकाळी घरीच असणार की मी," मी म्हटलं. "तेव्हा भांडू. आधी हे बघा, कुठे चुकलं?"

त्यांनी फडकं उचलून नाकाशी धरलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"सगळंच," त्या म्हणाल्या. "उसव."