शुभेच्छुकांची अकरा भोकं

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो. दहा फूट बाय सहा फूट, आणि अंगाला अकरा भोकं. हसू नका, त्या भोकांचीच तर गोष्ट आहे!

माझा जन्म अलिबागच्या एका दुकानात झाला. मधोमध आमचा कबड्डीपटू सुजित, सात नंबरच्या जर्सीत, मांडीवर थाप मारताना. वर 'राज्य संघाच्या निवड चाचणीसाठी हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली अकरा शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. कोणी गॉगल लावलेला, कोणी मोबाईल कानाला लावलेला. मला नाक्यावर चढवलं तेव्हा फटाके वाजले. आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष साहिलदादा ओरडले, "आपला वाघ हाय हा!" मांडव्याच्या बोटीला निघालेली माणसंसुद्धा मान वर करून बघायची. काय ऐट होती माझी!

चाचणीच्या आठवडाभर आधी एका स्पर्धेत मैदानामागे भांडण झालं. शेजारच्या गावच्या ऋत्विकचं डोकं कोणीतरी मागून काठी घालून फोडलं. नऊ टाके पडले. त्याने पोलिसांना जबाब दिला, "पळणाऱ्याच्या पाठीवर सात नंबर दिसला. तोंड न्हाय दिसलं."

एवढंच. पण आमच्या नाक्याने दुपारच्या आत निकाल देऊन टाकला. साहिलदादा ब्लेड घेऊन आले आणि आधी स्वतःचा फोटो कापला. "गुंडाच्या खाली आपलं थोबाड नको रे बाबा!" मग बाकीचे दहा जण रांगेने आले. माझ्यावरच्या सुजितच्या तोंडावर चिखल बसला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि चाचणीच्या यादीतून त्याचं नाव उडालं.

सुजितची आई सोनूबाई माझ्याखाली उभी राहून विचारत होती, "त्या वक्ताला जर्सी कुनाच्या अंगावर व्हती, तेवढं तरी सांगा!"

शुभेच्छुक एकेक करून पांगले. मंडळाकडे जर्सींचा एकच संच. मोठ्यांचा सामना संपला की त्याच घामेजल्या जर्सी धाकट्या संघाच्या अंगावर चढायच्या. अकराही जणांना हे ठाऊक होतं. पण तोंड उघडावं तर आपल्याच घरातला कोणी निघायचा!

सोनूबाईने मला उतरवून घरी नेलं, चिखल धुतला आणि घरामागच्या परड्यातल्या लाकडांवर अंथरलं.

दीड वर्षाने कोर्टात धाकट्या संघाच्या त्या दिवशीच्या सामन्याची गुणपत्रिका आली. भांडणाच्या वेळी जर्सी धाकट्यांच्या अंगावर होत्या, आणि सात नंबरपुढे दुसरंच नाव होतं. सुजित निर्दोष सुटला. त्याच संध्याकाळी साहिलदादा परड्यात हजर! हातात अकरा नवे फोटो आणि गमची बाटली.

"मावशे, फ्लेक्स दे. भोकं बुजवतो नि परत चढवतो. तो ऋत्विक बघ कसा खोटारडा निघाला!"

"खोटारडा न्हाय तो," सुजित म्हणाला. "डोकं त्याचं खरंच फुटलं. दिसलं तेवढंच बोलला. बाकीचं तुम्ही बोललात, दादा."

सोनूबाईने माझ्यावर हात ठेवला. "चाचणी गेली माझ्या पोराची. ती कंच्या गमने चिकटवशील? ऱ्हाऊ दे भोकं."

मित्रांनो, सुजित सुटला म्हणून मी हे सांगत नाही. तो दोषी ठरला असता तरी निकाल कोर्टानेच द्यायचा होता, नाक्याने नाही. म्हणून कोणाच्या खाली हौसेने आपला फोटो लावलात, तर निकाल लागेपर्यंत ब्लेड खिशातच राहू द्या.

मी अजून लाकडांवरच आहे. सुजितच्या चेहऱ्याखालची लाकडं कोरडी राहतात. पाऊस आला की पाणी गळतं ते बरोबर शुभेच्छुकांच्या जागेतून.