बांगडीची खूण

"आण्णा, हात का काढला?" दिलावरनं विचारलं.

हात मी काढला होता खरा. त्याच्या ॲम्बॅसिडरची मागची काच जिथं असायची, त्या मोकळ्या चौकटीवरून मी बोटं फिरवत होतो. पत्रा कुठं वाकलाय का, एवढंच बघायचं होतं. तेवढंही पुरं करवेना. दिलावरला कळू नये म्हणून मी हात फडक्याला पुसत राहिलो.

"काय न्हाई. जुन्या काचंचा कण टोचला."

"मग लागा की कामाला. दुपारी निघायचंय मला."

दिलावर उंब्रजात भाड्यानं गाडी चालवतो. परवा चढावर, उताराकडं तोंड करून गाडी उभी ठेवून तो चहा प्यायला गेला आणि वर चढत गेलेली उसाची बैलगाडी मागं घसरली. ती थेट त्याच्या गाडीवर येऊ नये म्हणून गाडीवानानं बैल वळवले, तर बाहेर आलेले ऊस फिरून मागच्या काचेत घुसले. दिलावर लगेच पुण्याला गेला. मिळाली ती एकच काच वाकळंत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आला.

"कराडला का न्हाई गेलास?" मी विचारलं.

"गेल्तो. तिथला फिटर लग्नाला गेलाय. आण्णा, तुमी टाळताय व्हय मला?"

मी फडकं झटकलं. दिलावरचा आवाज खाली आला.

"मिरजंच्या दवाखान्यातनं अम्मीला आणायची हाय. एक डोळा तिचा पयलाच गेलाय. ह्या डोळ्याचं आपरेशन झालंय. डॉक्टर म्हनला, धुरळ्याचा कणबी जाता कामा न्हाई, न्हाईतर ह्योबी जाईल. आन् मागनं उघडी गाडी कसा धुरळा वढती, तुमाला ठाव हाय."

त्याच्या आईला, रहिमतबीला, मी ओळखत होतो. माझी बायको शालू आजारी असताना ती चाचपडत आमच्या घरी यायची, उशाशी बसायची.

"आण ती काच," मी म्हणालो.

वाकळ उलगडली. काच चांगली होती. मी ती बाकड्यावर आडवी ठेवली आणि लांब सरकलो.

मागची काच भाजून कडक केलेली असते. मधोमध थाप मारली तर सोसते. पण कडेला चुकीचा दाब पडला की ती तडकत नाही, तिचे तुकडे होत नाहीत. एक आवाज होतो आणि खडीसाखरेसारखे दाणे खाली पडतात. लष्करातल्या वर्कशॉपात मी एकदा ते बघितलं होतं. हातात काच होती, आणि मग नव्हती.

दिवाळीच्या आधी शालू गेली. तेव्हापासून मी दाराच्या काचा बसवत होतो, कुलपं, वायपर दुरुस्त करत होतो. मागच्या काचेला हात लावला नव्हता. ते एकट्याचं काम नाही. काचेच्या कडेनं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, दोरीची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. बाहेरच्यानं तळव्यानं काच दाबायची. आतल्यानं दोरी हळूहळू ओढत न्यायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. कड कुठं अडकली, हे दोरी धरणाऱ्यालाच कळतं.

आत शालू असायची. पण रस्त्यावर चार गडी उभे असताना नवऱ्याला हाक मारणं तिला कधी जमलं नाही. दुष्काळाच्या साली ती खडी फोडायला गेली, मुकादमाशी भांडली, पण ही लाज गेली नाही. म्हणून ती काचेवर बांगडी वाजवायची. एकदा वाजली की थांब. दोनदा वाजली की दाब. त्या आवाजावर मी किती काचा बसवल्या असतील.

"मी बसतो की आत," दिलावर म्हणाला.

"तू बैलागत वढशील."

"मग काय करायचं? सांगा की!"

शेजारच्या दुकानातनं अंबूबाई कासारीण उठून आली. शालूला ती बहीण मानायची, म्हणून मला दाजी म्हणायची. हात पदराला पुसत ती गाडीजवळ उभी राहिली.

"मी बसते, दाजी."

"तुला जमायचं न्हाई."

"का? बायकांच्या हातात बांगड्या भरते, ती काय लाकडं फोडते?"

"ही काच मोठी हाय, अंबूबाई. फुटली तर सगळी तुझ्या अंगावर येईल."

"माझा सगळा जलम काचंतच गेला. आन् खुणंचं म्हणाल, तर शालूची बांगडी ऐकून ऐकून मला पाठ झालीया. एक थांबायची, दोन दाबायची. हाय का न्हाई?"

दिलावर तेवढ्यातही हसला. "बगा आण्णा, सगळ्या पेठंला ठाव हाय."

मला नाही म्हणता येईना. सवाष्ण गेली की तिला हिरवा चुडा भरतात. शालूला तो अंबूबाईनंच भरला होता. हात गार पडून ताठला होता. आता बांगड्या फुटणार, असं वाटून मी तोंड फिरवलं होतं. एकही फुटली नाही.

भिंतीच्या खिळ्यावरून मी दोरी काढली. शालूनं ती कळकाच्या कांबीवर गुंडाळून ठेवली होती, एकाला एक लागून वेढे. टोक सोडवायला मला वेळ लागला. दिलावरनं तोपर्यंत रबर गरम पाण्यात मऊ केलं. रबर चढवलं, साबणाचं पाणी लावलं, दोरी भरली. दोघांनी काच उचलून चौकटीवर ठेवली. अंबूबाई मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसली.

"वढ," मी म्हणालो आणि तळवे काचेवर टेकले.

खालची बाजू सरळ गेली. आतनं बांगडी वाजली, दोनदा.

माझे तळवे काचेवर नुसते टेकून राहिले. तोच आवाज. पाणी लागलेल्या काचेतनं आतलं तोंड दिसत नव्हतं, नुसती लुगड्याची हिरवट सावली दिसत होती.

"आण्णा!" दिलावर ओरडला. "दाबा की!"

मी दाबलं. उजवी बाजू चढली. डावी चढली. वरची कड राहिली आणि तिथंच काच करकरली. बारीक आवाज होता, पण माझ्या दातांत गेला. आतनं खूण येईना. दाबू की सोडू, कळेना. सोडलं तर काच उलटी निसटणार, दाबलं तर जाणार. घाम डोळ्यांत उतरला. मला फक्त ते दाणे दिसत होते, अंबूबाईच्या केसांत, मांडीवर.

"अंबूबाई!"

मग बांगडीचा आवाज आला. एकच.

मी दाब कमी केला, पण हात उचलले नाहीत. आत सावली वर सरकली. वरच्या कोपऱ्यात तिची बोटं दिसली. रबराची कड तिथं आत दुमडली होती. तिनं दोरी ओढली नाही. हाताची मूठ चेपून बांगडी पुढं सारतात, तसं साबणाचं बोट फिरवत फिरवत तिनं ती कड उलगडत आणली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दिलावर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता, अल्लाचं नाव असावं.

दोनदा बांगडी वाजली.

मी डोळे मिटले आणि दाबलं. थप्प आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा दोरी पूर्ण आत गेली होती आणि काच जागेवर होती.

दिलावरनं काचेला हात लावला, मग माझ्या खांद्याला. अंबूबाई उतरली तसा तो गाडी घेऊन गेला.

अंबूबाई बादलीत हात धूत होती.

"करकरली तवा जीव गेला माझा," ती म्हणाली. "बांगडी वाजवायला हातच उचलंना."

"माझाबी."

"दोरी गुंडाळून ठिवू, दाजी?"

"वली हाय. वाळू दे."

दिवस कलताना मिरजेकडनं गाडी आली. दिलावर फार सावकाश चालवत होता, थांबला नाही. रस्त्यावर उसाच्या गाड्यांचा धुरळा उठला होता. माझ्यापुढनं गेल्यावर मागच्या काचेतनं रहिमतबीची पाठ दिसली, आणि डोक्याभोवती पट्टी, पांढरी स्वच्छ.

मी आत येऊन दोरी खिळ्यावरून काढली. ती वाळली होती. शालूनं गुंडाळलेल्या वेढ्यांचे बाक तिच्यात राहिले नव्हते. साबणाच्या पाण्यानं सगळी सरळ झाली होती. कांब घेऊन मी ती गुंडाळायला बसलो. वेढ्याला वेढा लागेना. दोनदा सोडली. मग तशीच सैल गुंडाळली आणि परत खिळ्याला अडकवली.