कुंभकर्ण उठेना

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या गणपतीत हलता देखावा दरवर्षी माझे बाबा करतात. मोटारी, पट्टे, दोऱ्या, सगळा त्यांचाच खटाटोप. यंदा माझ्या नवऱ्याने, विनीतने, तो मोडीत काढायला लावला आणि एका छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर कुंभकर्ण उठवायचं ठरवलं. परळच्या कंपनीत आम्ही दोघंही कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यातलं, प्रोग्रामिंग करतो. पण मला विचारतंय कोण!

स्पर्धेचे परीक्षक मांडवात आले, ढोल सुरू झाले, कुंभकर्णाने जेमतेम मान उचलली आणि अख्खी लंका थिजली. ढोलवाल्यांचे हात वर, रावणाचा मिशीवर.

"जावयबापू, हो उठतलो काय नाय?" बाबांनी पडद्याआड डोकं घातलं. लवू परबांचा देखावा बंद पडला, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मला भारी वाईट वाटलं.

पडद्यामागे विनीत वायरी हलवत होता. "घरी चालत होतं गं!"

"घरी एकच मोटार होती. वायरी सोड, कोड दाखव."

कोड बघून माझं डोकंच फिरलं. स्पिनलॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप; बाकीचे प्रोग्राम ते सुटेपर्यंत दाराशीच घिरट्या घालतात. "स्पिनलॉक घेतलास की प्रोसेसर तुझा. तुला मध्येच उठवून दुसऱ्याला बसवत नाहीत. एवढा मान मिळतो, तर लॉक सुटेपर्यंत झोपायचं नाही, एवढाच नियम. आणि तू लॉक धरून, मोटार वर पोचेपर्यंत खुशाल झोपा काढतोयस!"

"थोडा वेळच गं."

"तेवढ्यात बाकीच्या मोटारींचे प्रोग्राम त्याच लॉकसाठी सगळे प्रोसेसर अडवून बसले. आता तुला जाग आली तरी बसायला जागा कुठाय? सोमवारी हेच सांगितलं होतं ना?"

"होतं," तो पुटपुटला.

मी मोटारीला हुकूम देण्यापुरतं लॉक ठेवलं, वाट बघणं लॉक सोडल्यानंतरच्या ओळीत ढकललं. बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत बाबा परीक्षकांना आग्रह करकरून मोदक खिलवत होते.

कुंभकर्ण चांगली जांभई देऊन उठला. टाळ्या पडल्या. बाबांनी विनीतला मिठीच मारली. "जावयान नाव राखल्यान!"

विनीत बिचारा खरं बोलला. "बाबा, हे रुपालीने केलं."

"ठावक आसा माका," बाबा हळूच म्हणाले. "पण शाबासकी तिका दिलंय, तर फुडल्या वर्साक तुमी येतलात काय?"

मी येणारच, हे दोघांनीही धरूनच ठेवलं होतं.