शेफच्या नावाची पिल्सनर

एक साधी, कडक आणि कोरडी पिल्सनर बिअर करू द्या, असं संघप्रिया दोन वर्षं धैर्यशीलला सांगत होती आणि धैर्यशील दोन वर्षं एकच उत्तर देत होता. "म्याडम, साधी कोण पितंय? साधं प्यायला घरात पाणी हाय की."

धैर्यशीलची ब्रूअरी कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून. घरचा धंदा दुधाचा. संकलन केंद्रातल्या स्टीलच्या टाक्या बघत तो मोठा झाला, पुढं बेंगळुरूला मित्राकडं गेला, तिथं तसल्याच टाक्यांतून बिअर निघताना बघितली आणि परत येऊन वडिलांना म्हणाला, "टाक्या त्याच, आतलं तेवढं बदलायचं." वडील तीन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. चौथ्या महिन्यात जागा दिली.

त्या टाक्यांत काय शिजतंय, आंबतंय आणि मुरतंय, हे बघायचं काम संघप्रियाचं. ती गडहिंग्लजची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., चार वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, तीन वर्षं पुण्याच्या एका ब्रूअरीत. यीस्ट कधी खुशीत आहे आणि कधी रुसलंय, हे तिला नुसत्या वासावरून कळे. स्वतः मात्र ती पीत नसे. घोट तोंडात घोळवायची, वहीत टिपायची आणि थुंकायची. घरात पंचशील होतं, आणि तिची आई ललिताबाई दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसे.

"चव घेऊन थुंकायचंच, तर करायचं कशाला गं ते?" आई विचारायची.

"आई, नर्स दिवसभर इंजेक्शनं देते. स्वतः टोचून घेते का?"

आईचं समाधान व्हायचं नाही; पुढच्या रविवारी ती तोच प्रश्न पुन्हा विचारायची.

कडक बिअर म्हणजे गोडसर, जड आणि दुसऱ्या दिवशी कपाळ धरायला लावणारी, अशी गिऱ्हाइकांची पक्की समजूत. सात टक्के अल्कोहोलची असूनही जिभेवर हलकी राहणारी, शेवटाला कोरडी होणारी पिल्सनर करता येते, असं संघप्रियाला वाटे. ते अवघड होतं. फळं, मध, मसाले घातलेल्या बिअरमध्ये चूक लपून जाते. साधीत लपायला जागाच नसते. म्हणून तर तिला ती करायची होती.

जानेवारीत एक दिवस धैर्यशील मोबाइल नाचवत टाक्यांच्या खोलीत आला. "तुझी पिल्सनर करायची, म्याडम. पण शेफ आदर्शबरोबर."

शेफ आदर्श मंगळवार पेठेतला. आईच्या खानावळीत वाढपी म्हणून सुरुवात केली, आणि आता पुण्यात दोन हॉटेलं आणि टीव्हीवर परीक्षकाची खुर्ची. कोल्हापूरला त्याचा अभिमान होता. पुण्यात त्याच्याकडं जेवणाऱ्या कोल्हापूरकरांना मात्र ताटात रस्सा एवढा कमी का, हा प्रश्न पडे.

"ते काय करणार?" संघप्रियानं विचारलं.

"तांबड्या रश्श्याचा मसाला घालायचा म्हणतोय. तांबडी पिल्सनर! कडक!"

संघप्रिया म्हणाली, "त्याच दिवशी मला एक घाणा बिनमसाल्याचा पण काढू द्या. तुलनेला. मसाल्यानं नेमकं काय केलं, हे नाहीतर कळणार कसं?" प्रयोगशाळेतली जुनी सवय होती ती. पण तेवढंच कारण होतं असंही नाही.

"काढ की. माल्ट पडूनच हाय."

ठरल्या दिवशी पहाटेच येऊन तिनं आपला घाणा काढला. गिरणीतून भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, गरम पाण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ मुरवलं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते, ती यीस्ट सगळी खाऊन टाकतं आणि पुढं बिअरला गोडी राहत नाही. ते पाणी गाळून हॉप्स या कडवट फुलांबरोबर उकळलं, गार केलं आणि चार नंबरच्या टाकीत यीस्टच्या हवाली केलं. अकराच्या सुमाराला शेफ आला, बरोबर तीन शर्ट आणि मोना नावाची कॅमेरावाली.

दुसऱ्या घाण्याचं पाणी कढत होतं. शेफनं एकेक वाटी मांडली: संकेश्वरी मिरची, लवंग, नागकेशर, दगडफूल. इथपर्यंत संघप्रियाची हरकत नव्हती. मग भाजलेलं खोबरं आणि तीळ निघाले.

"शेफ, खोबरं-तिळाला तेल सुटतं," ती हळूच म्हणाली. "तेलानं फेस मरतो. आणि ते पाच आठवडे टाकीत राहिलं तर खवट होणार."

मोनाचा कॅमेरा चालू होता. शेफनं संघप्रियाकडं नव्हे, कॅमेऱ्याकडं बघितलं. "फेस हा दिखावा असतो. मला रश्श्याचा आत्मा हवाय." आणि खोबऱ्याची परात कढईत उपडी केली. मग शर्ट बदलून रिकामी परात पुन्हा एकदा उपडी केली, कारण पहिल्या वेळी वाफ आडवी आली होती.

पिल्सनरला घाई चालत नाही. थंडीत पाच-सहा आठवडे निवांत पडून राहावं लागतं. तेवढ्या वेळात धैर्यशीलनं तांबडी पिल्सनर बाजारात आणायच्या समारंभाची निमंत्रणं छापली, हायवेवर शेफच्या चेहऱ्याचा फलक उभा केला. समारंभ बारा दिवसांवर आल्यावर संघप्रियानं मसाल्याच्या घाण्याची, तीन नंबरची टाकी चाखली, आणि तसाच ग्लास घेऊन ती धैर्यशीलच्या केबिनमध्ये गेली.

ग्लासात विटकरी रंगाचं काहीतरी होतं. फेसाचा पत्ता नव्हता; वर तेलाचे बारीक डोळे तरंगत होते. धैर्यशीलनं घोट घेतला आणि खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

"मटणाचं पातेलं इसळलंय जणू," तो शेवटी म्हणाला. "दुरुस्त हुतंय?"

"नाही."

"नवी?"

"बारा दिवसांत नाही."

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग एकदम वर बघितलं. "चार नंबरात काय हाय?"

संघप्रियानं चार नंबरचा ग्लास त्याच्यापुढं ठेवला. फिकट सोन्याचा रंग होता, वर बोटभर पांढरा फेस. दोन वर्षं ती ज्यासाठी भांडली ते आज पहिल्यांदा मालकाच्या हातात होतं. तो काय म्हणतो याकडं तिचे कान लागले होते.

धैर्यशीलनं अर्धा ग्लास रिकामा केला. "ह्याला वास न्हाय," तो म्हणाला. "भागलं."

"म्हणजे, कशी झालीय?"

"झालीय की. भागलं म्हटलं न्हवं? हीच लावायची. फलकावर शेफ हाय, टाकीत तू हायस. कुणाचं काय गेलं? फक्त त्याला सांगू नको."

समारंभ शनिवारी दुपारचा होता. ब्रूअरीमागच्या आमराईत टेबलं मांडली होती, निमंत्रितांत नगरसेवक होते, डॉक्टर होते, तालमीतले दोन वस्ताद होते आणि पुण्याहून खास आलेली संयोगिता नावाची खाद्यलेखिका होती. पहिला ग्लास सयाजीरावांना दिला. हे निवृत्त बँक मॅनेजर, पण त्यांची ओळख वेगळी: कुठल्या खानावळीत आज मसाला कुणी वाटलाय हे ते रश्श्यावरून सांगतात, अशी ख्याती.

सयाजीरावांनी घोट घेतला, डोळे मिटले, मान हलवली. सगळे थांबले.

"दगडफूल," ते म्हणाले. "पहिल्या घोटाला न्हाय येत. दुसऱ्याला येतंय."

मग सगळ्यांनाच दुसऱ्या घोटाला दगडफूल येऊ लागलं. एका डॉक्टरांना लवंग लागली. संयोगितानं वहीत लिहिलं की मिरची आधी घशाशी येते आणि खोबऱ्याची स्निग्धता मागून हात धरते. एका वस्तादांना ठसका लागला, त्यांनी पाणी मागवलं आणि कपाळ पुसत म्हणाले, "तिखट हाय, पण घरगुती."

संघप्रिया आंब्याच्या बुंध्याशी उभी राहून हे ऐकत होती. सुरुवातीला तिला हसू आलं. मग आत काहीतरी खचत गेलं. शंभरेक माणसं तिची पिल्सनर पीत होती, वाखाणत होती, आणि त्यातल्या एकानंही ती चाखली नव्हती.

तेवढ्यात तिचं लक्ष शेफकडं गेलं. त्यानं एक घोट घेतला होता आणि तो थांबला होता. ग्लास उन्हाकडं धरून त्यानं फेस बघितला. दुसरा घोट घेऊन तोंडात घोळवला, अगदी ती घोळवायची तसा. आणि गर्दीत नजर फिरवत त्यानं तिलाच शोधून काढलं. मग कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला, आणि तो आईच्या पाट्यावरवंट्याबद्दल सहा मिनिटं फार सुंदर बोलला.

टाळ्या संपल्यावर तो टाक्यांच्या खोलीत आला. कॅमेरा बरोबर नव्हता, आणि पुण्याची भाषाही नव्हती.

"मसाला कुठाय?"

"सांडपाण्याच्या हौदात."

"लईच वंगाळ झालता?"

"मटणाचं पातेलं इसळल्यासारखा."

शेफ एका उपड्या क्रेटवर बसला. "खोबऱ्यानं घात केला."

"मी सांगितलं होतं."

"कॅमेरा चालू हुता गं." तो ग्लासातल्या उरलेल्या बिअरकडं बघत राहिला. "मग ह्यात माझं काय हाय?"

"नाव."

त्याला ते लागलं. पण तो चिडला नाही. उरलेला घोट घेऊन म्हणाला, "शेवटाला कडूची एक बारीक रेघ येती आणि लगेच पुसून जाती. ती तू मुद्दाम ठेवलीस, व्हय?"

त्याच एका रेघेसाठी संघप्रियानं वहीत हॉप्सचं माप अकरा वेळा खोडून लिहिलं होतं. कुणाला तरी कळावं म्हणूनच सगळं केलं होतं, आणि कळलं कुणाला, तर ह्या माणसाला!

"मुद्दाम," ती म्हणाली.

"बाहेर जाऊन सांगतो," तो उठला. "ही हिची हाय म्हणून."

"सांगा."

तो गेला. ती दारात येऊन उभी राहिली. शेफनं दहा पावलं टाकली असतील; तेवढ्यात सयाजीरावांनी त्याला मिठी मारली, कुणी हार घातला, नगरसेवकांनी फोटोसाठी ओढून नेलं. एकदा त्यानं तोंड उघडलेलं तिला दिसलं. ते त्यानं हसण्यात बदललं.

तांबडी पिल्सनर धो-धो चालली. रंग तांबडा का नाही, हे एकानंही विचारलं नाही. धैर्यशीलनं रविवारी ब्रूअरी दाखवायला सुरुवात केली. लोक मसाला बघायचा हट्ट धरू लागले, तेव्हा त्यानं मसाल्याचा एक स्टीलचा डबा टाकीशेजारी ठेवायला सांगितला. लोक डबा हुंगत, मग ग्लास हुंगत, आणि एकमेकांकडं बघून माना डोलवत.

जूनमध्ये पुण्यात एका खाद्यमेळाव्यात शेफला आणि तिला एकत्र बोलावलं. मंचावर दोन खुर्च्या, समोर तीनशे माणसं. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, "मसाला नेमका कुठल्या टप्प्यावर घालता?"

संघप्रियानं माइक घेतला. बस झालं, असं तिला वाटलं. "घालत नाही. ह्या बिअरमध्ये मसाला नाहीच. माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, बस्स."

सभागृह हसलं. निवेदक म्हणाला, "धंद्याचं गुपित कोण सांगेल!"

"त्या खरं बोलतायत," शेफ म्हणाला. हसू थांबलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "माझा मसाला फसला. तो फेकून दिला. तुम्ही सगळे पिताय ती बिअर पूर्णपणे संघप्रियांची आहे. माझा तिच्याशी काही संबंध नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मग मागून एक टाळी आली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. एवढा मोठा शेफ आणि केवढा हा विनय! दुसऱ्या दिवशी संयोगितानं लिहिलं की मसाला वगळण्याचं धाडस फक्त आदर्शच करू जाणे, आणि तरीही दगडफूल लागतं, हीच त्याच्या हाताची जादू. धैर्यशीलनं तो लेख चौकट करून गल्ल्यावर लावला.

लेख वाचूनच दोघं एका गाडीतून कोल्हापूरला निघाली; शेफला आईला भेटायचं होतं.

"आता काय करायचं?" शेफनं विचारलं.

"मला काय विचारता? जादू तुमची." आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

त्यानंतर संघप्रियानं सांगणं सोडून दिलं. शेफ महिन्यातून एकदा आईला भेटायला मंगळवार पेठेत येतो. जाताना सकाळी हायवेला गाडी थांबवून टाक्यांच्या खोलीत शिरतो. ती चार नंबरमधून ग्लास भरून देते. तो घोट घोळवतो आणि गाडी चालवायची म्हणून तिच्यासारखाच थुंकतो.

परवा आला तेव्हा त्यानं घोट दोनदा घोळवला. मग म्हणाला, "ह्या खेपेला रेघ जरा लांबलीय."

यंदाचे हॉप्स जरा कडू निघाले होते. हे धैर्यशीललासुद्धा माहीत नव्हतं.

"बिघडली का मग?"

"न्हाय," तो म्हणाला. "अशीच ऱ्हाऊ दे."

तो गेल्यावर तिनं वही उघडली, पुढच्या घाण्यासाठी कमी केलेलं हॉप्सचं माप खोडलं आणि आधीचंच पुन्हा लिहिलं. बाहेर रविवारची पहिली मंडळी आली होती, कुणीतरी डब्याचं झाकण उघडून मोठ्यानं म्हणालं, "आहाहा!" संघप्रिया वही मिटून त्यांना टाकी दाखवायला गेली.