चार बाटल्यांतला आवाज

सोमवारी दस्तगीरचाचांच्या आवाजाची चौथी बाटली भरली आणि त्यांच्यापाशी नुसती ओठांची हालचाल उरली.

चाचा गावचे मुलाणी. जत्रेचा बोकड कोणाच्याही घरचा असो, सुरी चाचांची आणि बिस्मिल्लाही त्यांनीच म्हणायचं. पुढे ते कोंबड्या कापून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात लागले. तिथे चार देशांचे चार तपासनीस आले. एकाला दर कोंबडीमागे बिस्मिल्ला हवं होतं, दुसऱ्याला कामाच्या पाळीला एकदा पुरत होतं. उरलेल्या दोघांचं त्यांच्याशीही जमत नव्हतं आणि आपसातही. हलालचा दाखला देण्याआधी प्रत्येकाने नमुना मागितला. चाचांनी बाटलीशी तोंड नेऊन बिस्मिल्ला म्हटलं, की तपासनीस बूच बसवून वर लाख ओतायचा. दर बाटलीला आवाज पाव हिश्शाने गेला. चाचा भिडस्त. नाही म्हणणं त्यांना आवाज होता तेव्हाही जमलं नव्हतं.

गुरुवारी नातीचा अकीका होता. जन्माचा सातवा दिवस, जावळ काढायचं, बोकड कापायचा. आयुष्यभर लोकांचे बोकड कापले, हा घरचा. अल्लाचं नाव आपणच घ्यायचं, एवढंच चाचांच्या मनात होतं.

बुधवारी ते दाखल्यांच्या कचेरीत गेले. पाटीवर लिहिलं : आवाज परत द्या.

"चारी देशांचं मिळून एकच प्रमाण ठरतंय," कारकून म्हणाला. "मग एकच बाटली लागेल. बाकीच्या तीन तुमच्या."

चाचांनी पाटीवर लिहिलं : कधी?

"ठरलं की."

चाचांनी पुसून पुन्हा लिहिलं : मौलवी म्हणतात, मुक्याने मनात नाव घेतलं तरी चालतं.

"पण तुम्ही मुके कुठं आहात, चाचा?" त्याने कपाटाकडे बोट केलं. "आवाज हा काय इथं. नोंद आहे त्याची."

पुसून पुसून चाचांची बाही पांढरी झाली. शेवटी कारकुनाने एका दिवसाच्या बोलीवर बाटल्या दिल्या. "लाख फोडायची नाही. बुचातून ऐकू येतं. फक्त चारी एकदम बोलल्या पाहिजेत. मागंपुढं झालं तर आम्ही धरत नाही."

गुरुवारी सकाळी चाचांनी परसात बाटल्या मांडल्या, बोकड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून निजवला आणि सुरी घेतली. पहिली बाटली बोलली. ती संपत आली तेव्हा दुसरी सुरू झाली. तिसरी नुसती खाकरली. चौथी गप्प. चाचांनी त्या जवळ सरकवल्या, मांडीवर ताल धरून दाखवला, मग हात जोडले. त्यांचाच आवाज, पण त्यांचं ऐकेना.

"आवं, बोकड म्हातारा व्हायची वाट बघताय का?" त्यांची बायको जैतुनबी दारातून म्हणाली.

न्हावी वस्तरा गुंडाळून गेला. पाहुणे ताटकळले आणि उठले. चाचांच्या हाताखाली बोकडाची दाढी पांढरी होत गेली. सुरी त्यांनी खाली ठेवली नाही.

मागे पावलं वाजली. नात आली होती. न काढलेल्या जावळाच्या तिला दोन वेण्या घातल्या होत्या.

"दादा, झालं का?"

चाचांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तीन बाटल्या एकदम सुरू झाल्या. चौथीने श्वास घेतला.